शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी

समाजाचा पोलिसांवरचा विश्वास हा राज्याचा पाया असतो. मुख्यालयात हा पाया तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छतागृहाला लागून असलेल्या खोलीत ठेवला होता आणि त्याची देखभाल एकटा हवालदार करत असे. त्याला सगळे पडताळे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. भरतीच्या उमेदवारांच्या चारित्र्याची पडताळणी हे त्याचं काम, आणि बावीस वर्षं एकच काम केलं की माणसाचं खरं आडनाव गळून पडतं. एकदा त्याच्या खऱ्या नावाने आलेलं टपाल खालच्या टेबलावरून 'असा इसम येथे नाही' असा शेरा घेऊन परत गेलं होतं.

भरतीची पद्धत कडक होती. उमेदवाराची उंची दोघं जण मोजत, तिसरा लिहून घेई. छाती फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढते की नाही ते टेप लावून बघत, आणि शंका आली तर पुन्हा बघत. धावण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही हिशेब असे. दात मोजत, तळपाय बघत, रंग ओळखायला लावत. एवढ्यातून पार पडलेल्या माणसाच्या हातात काठी आणि पुढेमागे बंदूक द्यायची, तर तो मुळात माणूस कसा आहे हे बघायला पडताळे होता.

नियम असा की त्याने उमेदवाराच्या घरापाशी जायचं, नात्यात नसलेल्या आणि त्याला तीन वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांना गाठायचं, त्यांना बोलतं करायचं, आणि ते म्हणतील ते लिहून खाली सही करायची. पहिली पाच वर्षं पडताळेने हे इमानेइतबारे केलं. तेव्हा या कामाला तिघं होते. मग एक निवृत्त झाला, दुसऱ्याची बदली झाली आणि दोन्ही जागा रिकाम्याच राहिल्या. फायलींना मात्र कुणी निवृत्त करेना. पुढच्या भरतीला सहाशे फायली आल्या आणि मुदत वीस दिवसांची. पडताळेने कागदावर गणित मांडलं. एका माणसाच्या चारित्र्याला, जाण्यायेण्यासकट, सोळा मिनिटं येत होती.

म्हणून त्याने स्वतःची पद्धत काढली. मतदार यादी मागवली. उमेदवाराच्या पत्त्याच्या वरचं एक नाव घ्यायचं, खालचं एक घ्यायचं, आणि त्यांच्या तोंडी चार चांगले शब्द घालायचे. यातही तो हलगर्जीपणा करत नसे. मेलेल्या माणसाने कुणाचं कौतुक केलं असं होऊ नये म्हणून मृत्यूच्या नोंदी आणून ताडून बघे. विशेषणं सहा होती: शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी, कष्टाळू, आज्ञाधारक आणि मितभाषी. त्यांच्या दोन जुड्या करून तो आळीपाळीने वापरी. सगळे उमेदवार एकसारखेच निघाले तर साहेबांना संशय येईल, अशी त्याला धास्ती होती. सतरा वर्षांत साहेब पाच झाले, संशय एकालाही आला नाही.

टोचणी म्हणाल, तर फार नव्हती. फायली वेळेत जात होत्या. वेळेत गेलेल्या फायलीची टोचणी लागलेला माणूस त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्याची मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासायच्या, कडा उतरवायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिला खपत नसे. हे तिने वडिलांकडून घेतलेलं नव्हतं. तिला स्थळ आलं ते एका तरुण शिपायाचं. पाच वर्षं नोकरी झालेली, बोलणं नम्र, बूट चकचकीत.

"मुलगा दिसायला बरा आहे," बायको म्हणाली. "पण अहो, जरा चौकशी करा की. घरात कसा वागतो, राग-बीग कसा आहे."

"चौकशी? अगं, सरकारी चौकशी झालीय त्याची. कुणी केलीय, माहीत आहे?"

"कुणी?"

"समोर बसलाय तो."

दुसऱ्या दिवशी त्याने अभिलेख कक्षातून फाईल काढली. 'उमेदवार शांत, मनमिळाऊ व निर्व्यसनी असून शेजाऱ्यांशी त्याचे संबंध सलोख्याचे आहेत.' खाली दोन शेजाऱ्यांची नावं, त्याखाली सही. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात हे असतं तर पडताळे मनातल्या मनात हसला असता आणि कपडे बदलून त्या गल्लीत गेला असता. पण अक्षर त्याचंच होतं, आणि स्वतःच्या अक्षराला खोटं म्हणायची त्याला सवय नव्हती. वाचता वाचता त्याला ती जागा आठवल्यासारखीही झाली. अरुंद जिना, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, "या साहेब" म्हणून खुर्ची पुढे करणारा कुणी म्हातारा. असे जिने आणि असे म्हातारे त्याने पहिल्या पाच वर्षांत इतके पाहिले होते की त्यातला एखादा इकडचा तिकडे सरकला तर कळण्यासारखं नव्हतं. तो कागदाची प्रत घरी घेऊन आला. बायकोने ती दोनदा वाचली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

लग्न झालं.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी भर दुपारी, मुलगी एकटीच दारात उभी राहिली. उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती.

"काय गं हे?" आईने विचारलं.

"कपाटाच्या दारात सापडली."

"अगं, बघून लावायचं ना दार!"

"मी नाही लावलं. माझी बोटं आत होती, त्याने बाहेरून दाबलं." एखाद्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर सांगावा तसं तिने हे सांगितलं. "हे पहिल्यांदा नाहीये, आई. मोडलं पहिल्यांदा."

पडताळे खुर्चीवरून अर्धा उठला होता, तसाच राहिला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही चौकशी केली होतीत ना, बाबा. दोन शेजारी म्हणाले होते, शांत आहे. म्हटलं, एवढ्या शांत माणसाला इतका राग येतो, म्हणजे मीच काहीतरी करत असणार."

पडताळे उठून स्वयंपाकघरात गेला. काय घ्यायला आलो ते आठवेना, तेव्हा तसाच परत आला.

"मी आता जाणार नाही तिकडे," मुलगी म्हणाली. "पण तो न्यायला येईल. मागे मैत्रिणीकडे गेले होते, तिथेही आला होता. गणवेशात आला की लोक त्यालाच बसायला खुर्ची देतात. आधी गुन्हा नोंदवायला हवा. कागदावर काहीतरी हवं."

कागदावर काहीतरी हवं हे पडताळेला पटलं. तेवढं त्याला कायमच पटत आलेलं होतं.

बुधवारी सकाळी दोघं पोलीस ठाण्यात गेले. टेबलावरचा अंमलदार पस्तिशीचा होता. त्यालाही पडताळेनेच पास केलं होतं: कष्टाळू, आज्ञाधारक, मितभाषी. यातलं शेवटचं लगेच खोटं ठरलं.

"या, या, पडताळेकाका! आज इकडे कुणीकडे वाट चुकलात? ताई, बसा ना. अरेरे, हाताला काय झालं? पडलात का? चहा सांगतो. बिनसाखरेचा ना, काका?"

"तक्रार लिहून घे," पडताळे म्हणाला.

"घेऊ की. कुणाविरुद्ध?"

मुलीने नवऱ्याचं नाव सांगितलं. अंमलदाराने पेनाला टोपण लावलं.

"काका, हे घरातलं आहे हो. चार दिवस जाऊ द्या, होईल शांत. शेवटी आपलाच माणूस आहे तो."

"बोटंही आपल्याच माणसाची आहेत," मुलगी म्हणाली.

"तसं नाही, ताई. लिहून घ्यायला माझं काय जातंय? पण उद्या वरून विचारलं, की बाबा, याची पार्श्वभूमी काय, तर मी काय दाखवू? एक शेरा नाही त्याच्यावर." त्याने संगणकावर फाईल उघडली आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी. दोन शेजाऱ्यांचे जबाब आहेत. आणि सही कुणाची? तुम्हीच वाचा, काका."

पडताळेने सही वाचली.

"मी गेलो नव्हतो," पडताळे म्हणाला.

"कुठे?"

"त्या गल्लीत. त्या काय, कुठल्याच. नावं मतदार यादीतली आहेत."

अंमलदार हसला, मग हसायचा थांबला. त्याने मागे वळून दुसरं कुणी ऐकतंय का ते पाहिलं. "काका, असं बोलू नका. माझ्या वेळेला तरी गेला होतात ना?"

"नाही."

"मग काय लिहिलंत माझ्याबद्दल?"

"कष्टाळू, आज्ञाधारक, मितभाषी."

अंमलदाराने क्षणभर विचार केला. "ते तर बरोबरच आहे," तो म्हणाला.

गुन्हा त्याने नोंदवला नाही. अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि 'चौकशीवर ठेवला' असं लिहिलं.

रस्त्याला लागल्यावर मुलगी पुढे चालत राहिली. औषधाच्या दुकानापाशी ती थांबली.

"आईने विचारलं होतं तुम्हाला. लग्नाच्या आधी."

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, की गेलाच नव्हतात?"

काहीतरी बरं सांगावं म्हणून पडताळेने डोकं खाजवलं, पण खरं तेच तोंडात आलं. "तेव्हा मला वाटत होतं, मी गेलो होतो."

काचेवर ओरखडा आहे का हे उजेडात धरून बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही खरं सांगताय," ती म्हणाली. खोटं बोलताय म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

दुपारी त्याने स्वतःविरुद्ध एक पान लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"ही एकच फाईल ना?"

"नाही, साहेब. सतरा वर्षं."

"म्हणजे किती?"

"चार हजार एकशे बारा."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "म्हणजे आज शहरात उभा असलेला प्रत्येक तिसरा शिपाई—"

"दुसरा, साहेब."

"पडताळे, हे बाहेर गेलं तर लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडेल."

"हो, साहेब."

"हो साहेब काय? मग करायचं काय?"

"माझ्या मुलीची बोटं मोडलीत, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी स्वतःच्या पेल्यातलं पाणी पडताळेपुढे सरकवलं. "असं कर. एका फाईलबद्दल लिही. एक चूक माणसाच्या हातून होते. चार हजार झाल्या की लोक त्याला धोरण म्हणतात."

पडताळेने पान फाडलं आणि एका फाईलचं लिहिलं. त्यावर साहेबांनी दोन आदेश काढले. खोटा अहवाल दिल्याबद्दल पडताळे निलंबित. आणि जावयाची पडताळणी नव्याने, प्रत्यक्ष गल्लीत जाऊन. ते काम दिलं नव्या फौजदारबाईंना. त्या कुणाचा चहाही घेत नसत, असा त्यांचा लौकिक होता. मुलीच्या अर्जाचा निकाल या पडताळणीवर लागणार होता. जावई आधीपासूनच हात उगारणारा होता असं शेजाऱ्यांनी सांगितलं, तर गुन्हा दाखल होईल. नाही सांगितलं, तर अर्ज बंद.

फौजदारबाई सोमवारी जाणार होत्या. पडताळे गुरुवारीच गेला, साध्या कपड्यांत.

कठड्यावर कपडे वाळत नव्हते. खुर्ची पुढे करणारा म्हाताराही नव्हता. खाली इस्त्रीवाला होता.

"या इमारतीतला तो पोलिसातला मुलगा—"

"एकदम चांगला मुलगा," इस्त्रीवाला म्हणाला.

"मी अजून विचारलं नाही काही."

"तुम्ही विचारा. चांगलाच आहे."

शेजारच्या किराणा दुकानदाराने तर पिशवीची गाठ मारता मारता मानेनेच चांगला म्हणून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर, जावयाच्या आईच्या दारासमोर, कपडे शिवणारी एक बाई राहत होती. दार उघडं होतं, मशीन चालू होतं. मतदार यादीतलं खालचं नाव हिचं होतं. पडताळेने आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाला, "तुमचं नाव माझ्या अहवालात आहे."

"मी काय म्हणाले होते?"

"शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी."

"निर्व्यसनी आहे," ती म्हणाली. "दारूचा थेंब घेत नाही. जे करतो ते शुद्धीत करतो."

तिने उठून दार लोटलं आणि पुन्हा मशीनपाशी बसली.

"आम्ही वाट बघत होतो तुमची. त्याची निवड झाल्याचं कळलं, तेव्हा खालचे मास्तर म्हणाले, आता चौकशीला माणूस येईल, दोन शेजाऱ्यांना विचारतात. मग मी आणि मास्तर बसलो आणि ठरवलं, कोण काय बोलणार. मास्तर म्हणाले, मीच बोलतो, माझं आता काय वाकडं करणार तो? महिनाभर दोघांपैकी एक जण तरी घरी राहायचो. मी मशीन मध्येमध्ये बंद करायचे. जिन्यावर पावलं वाजली तर ऐकू यायला हवीत म्हणून."

"काय सांगणार होतात?"

"त्याला धाकटी बहीण आहे. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही." तिने सुईत दोरा ओवला. "जन्मापासून नाही. एका संध्याकाळपासून."

पडताळेने खिशातून कागद काढला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच लिहायला काही मिळालं होतं. "हे लिहून द्याल? सोमवारी बाई येतील, त्यांना सांगाल?"

"तेव्हा दिलं असतं. तेव्हा तो समोरच्या घरातला मुलगा होता. आता पोलीस आहे. आठवड्यातून दोनदा येतो, गाडी माझ्या खिडकीखाली लावतो. उद्या काही झालं तर मी जाऊ कुणाकडे? तुमच्याकडे?"

"मास्तर?"

"गेले. तीन वर्षं झाली."

पडताळेने कागदाची घडी घातली. "त्याची बायको माझी मुलगी आहे," तो म्हणाला.

बाईचे हात थांबले. "गोरीशी, डाव्या गालावर तीळ?"

"हो."

"लग्नाला आले होते मी. तिच्याशी बोलावं असं फार मनात होतं, अगदी जवळपर्यंत गेले. मग कुणीतरी म्हणालं, मुलीचे वडील पोलिसात आहेत, चौकशीचंच काम करतात." ती खाली मशीनकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, त्यांनी बघितलं असेलच."

पडताळे जिना उतरला. इस्त्रीवाल्याने त्याला पुन्हा एकदा, न विचारता, चांगला मुलगा आहे म्हणून सांगितलं.

फौजदारबाईंनी काम चोख केलं. तीन दिवस त्या गल्लीत होत्या, चहा कुठेही घेतला नाही. अकरा जणांचे जबाब झाले. प्रत्येकाचा वाचून दाखवला, प्रत्येकाची सही घेतली. शिवणाऱ्या बाईचाही घेतला. तिने सांगितलं, मुलगा शांत आहे. त्यांना काही खटकलं नसेल असं नाही. इतकी माणसं एका सुरात बोलली की खटकतंच. पण जबाबात खटकणं लिहिता येत नाही. जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. पुढच्या बैठकीत साहेबांनी तो अहवाल वाचून दाखवला आणि लोकांच्या मनात आपल्या शिपायांबद्दल किती आदर आहे, याचं उदाहरण म्हणून त्याची तारीफ केली.

महिनाभराने मुलीचा अर्ज 'तथ्य आढळले नाही' म्हणून बंद झाला. त्याच संध्याकाळी जावई गणवेशात आला, नम्रपणे बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाबा, तिला म्हणावं, झालं ते झालं. रविवारी न्यायला येतो." मुलगी आतल्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होती.

शनिवारी सकाळी ती दुसऱ्या शहरात गेली. तिथे काचा बनवण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं मिटत नव्हती, म्हणून काचा घासायचं नाही, नुसतं मोजून खोक्यात भरायचं काम. पत्ता तिने कुठेही लिहिला नाही. लिहिलेलं त्याला सापडतं, म्हणाली. आईला तोंडी सांगितला. बाबांना सांगू नकोस, असं काही ती म्हणाली नाही. आईने सांगितला नाही, आणि पडताळेने विचारला नाही. निघताना तिने डाव्या हाताने बॅग उचलली. तो घ्यायला पुढे झाला तेव्हा म्हणाली, "राहू दे, बाबा, जमतं मला आता." रविवारी जावई आला आणि रिकाम्या खोलीत डोकावून गेला. तो पुन्हा येणार हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी टपालाने आदेश आला. या वेळी खऱ्या नावाने आला आणि घरी पोचला. नव्याने केलेल्या प्रत्यक्ष पडताळणीत मूळ अहवाल बरोबर असल्याचे सिद्ध झाल्यामुळे, खोटा अहवाल दिल्याचा हवालदारावरील ठपका काढून टाकण्यात येत होता. निलंबन रद्द. निलंबनाचा काळ कर्तव्यावर असल्याचे समजण्यात येणार होते.

सोमवारी पडताळे कामावर रुजू झाला. टेबलावर दोनशे चाळीस फायली होत्या. मुदत आठ दिवस.